जबडा-बकेटची तेलवाट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न ट्रॅक्टर-लोडरच्या चार कामांच्या बकेटचे आहेत. बाजारात तिला 'फोर-इन-वन' म्हणतात. तिचा पुढचा भाग जबड्यासारखा उघडतो. मिटलेला ठेवला तर ती साधी भरणीची बकेट असते. पूर्ण उघडला तर मागचं पातं डोझरसारखं माती ढकलतं, आणि थोडाच उघडला तर रान सपाट होतं. उघडमीट करून पाचट, ओंडके, दगड चिमटीत धरता येतात. लोखंडकाम आपल्याकडचे वेल्डर उत्तम करतात. अडतं ते तेलाच्या वाटेत, आणि त्यातही तेल परत जाण्याच्या वाटेत. (खाली 'जॅक' म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडर, वर्कशॉपमध्ये म्हणतात तसाच.)

प्रश्न : 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे. लोडरला दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह आहे, एक उचलायला आणि एक बकेट पालटायला. जबड्याच्या दोन जॅकना तेल कुठून द्यायचं? दुकानदार म्हणतो बटणाचा व्हॉल्व्ह बसवा, मेस्त्री म्हणतो तिसरी लिव्हर घाला. — वाचक, नंदगड, ता. खानापूर

दोघांचंही बरोबर आहे. तुमचं काम कुठलं, यावर निवड ठरते.

बटणाचा व्हॉल्व्ह म्हणजे सहा तोंडांचा, 12 व्होल्टच्या कॉइलवर चालणारा वळण-व्हॉल्व्ह. तो पालटण्याच्या दोन्ही नळ्यांमध्ये बसतो. बटण सोडलेलं असताना तेल पालटण्याच्या जॅकला जातं, बटण दाबलं की तीच लिव्हर जबडा चालवते. तो लोडरच्या दोन आर्मना जोडणाऱ्या आडव्या पाइपवर बसवतात, त्यामुळे मागून पुढे फक्त वायर न्यावी लागते आणि लांब नळ्यांचा खर्च वाचतो. तोटा एकच, पण मोठा: पालटणं आणि जबडा एकाच वेळी चालत नाही. शेणखत भरणं, मुरूम ओतणं यात ते फारसं जाणवत नाही. खाचर सपाट करताना मात्र पात्याचा कोन आणि जबड्याची फट सारखी जुळवावी लागते. तिथे दर वेळी बटण दाबणं-सोडणं त्रासाचं होतं. तुमच्या भागात भाताची खाचरं आहेत, म्हणून आमचं मत तिसऱ्या लिव्हरच्या बाजूनं.

तिसरी लिव्हर घालण्याआधी जुना व्हॉल्व्ह नीट पाहा. तो लांब बोल्टांनी आवळलेल्या वेगवेगळ्या तुकड्यांचा असेल तर मधे एक तुकडा वाढवता येतो. एकाच ओतीव ठोकळ्याचा असेल तर वाढवता येत नाही. मग तीन लिव्हरचा नवा घ्यावा, नाहीतर एका लिव्हरचा वेगळा व्हॉल्व्ह जोडावा. वेगळा जोडणार असाल तर पुढच्या प्रश्नाचं उत्तर वाचल्याशिवाय नट आवळू नका.

आता माप. समजा जबड्याचे जॅक 50 मिमी बोअरचे (आतला व्यास), 30 मिमी दांड्याचे आणि 250 मिमी स्ट्रोकचे (दांड्याची धाव) आहेत. बोअरच्या बाजूचं क्षेत्रफळ 19.6 चौ. सेंमी, दांड्याच्या बाजूचं 12.6. दाब 180 बार असेल तर एक जॅक ढकलताना सुमारे 3.6 टन आणि ओढताना सुमारे 2.3 टन जोर देतो. दोन्ही जॅक पूर्ण बाहेर यायला साधारण 1 लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला 30 लिटर देत असेल तर 2 सेकंदांत काम होतं. जबडा मिटायला जास्त जोर हवा असतो. म्हणून तुमच्या बकेटमध्ये मिटताना दांडा बाहेर येतो की आत जातो हे आधी बघा आणि कोणती नळी मिटण्याची आहे ती रंगाच्या पट्टीनं खूण करून ठेवा.

नळी दोन तारांच्या जाळीची घ्या. 3/8 इंची दोन-जाळी नळीचा कामाचा दाब 330 बार, अर्धा इंचीचा 275 बार असतो. एक-जाळी 3/8 इंची नळी 180 बारचीच असते, म्हणजे तुमच्या रिलीफच्या (दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) अगदी काठावर. पंपापासून व्हॉल्व्हपर्यंत अर्धा इंच, जबड्याच्या प्रत्येक जॅकला 3/8 चालते, कारण तेल तिथे दोघांत वाटलं जातं. टाकीकडे परत जाणारी नळी 3/4 इंचापेक्षा लहान नको. दोन्ही जॅकना जाणाऱ्या नळ्या सारख्याच लांबीच्या ठेवा. जोडाला टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (तेलाची वाट बदलणाऱ्या आतल्या सरकत्या कांडीत) अडकतात. बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाच्या) पॅरलल आट्याला डाउटी वॉशर, म्हणजे आत रबराची कडी असलेला लोखंडी वॉशर, वापरा. आटे बीएसपी आहेत की मेट्रिक, हे गेज लावूनच ठरवा, कारण दोन-तीन आटे एकमेकांत बसतात आणि दाब आला की निपल उडतो.

प्रश्न : जबड्यासाठी एका लिव्हरचा वेगळा व्हॉल्व्ह लोडरच्या व्हॉल्व्हपुढे जोडला. चालत होता. आठवड्यात लोडरच्या जुन्या व्हॉल्व्हच्या लिव्हरपाशी तेल गळू लागलं. सील बदलली, पुन्हा गळतंय. — वाचक, चिकोडी

सील वाईट नाही. जोडणी चुकली आहे.

लिव्हर मधोमध असताना आपल्या ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून तेल अडखळत नाही, ते सरळ टाकीकडे निघून जातं. म्हणजे व्हॉल्व्ह ओपन सेंटरचा असतो. तुम्ही जुन्या व्हॉल्व्हच्या टी तोंडातून, म्हणजे टाकीच्या तोंडातून, निघणारं तेल नव्या व्हॉल्व्हच्या पी तोंडात, म्हणजे पंपाचं तेल आत घेणाऱ्या तोंडात, घातलं आहे. नव्या व्हॉल्व्हची लिव्हर ओढली की तो दाब धरतो, आणि तोच 150-180 बार दाब जुन्या व्हॉल्व्हच्या टाकीकडच्या पोकळीत मागे येतो. ती पोकळी आणि स्पूलच्या टोकांची सील एवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसतात. अनेक व्हॉल्व्हांत तिथली मर्यादा 25 बारच्या आसपास असते. आधी सील जाते, तरी चालवत राहिलं तर ओतकामाला तडा जातो.

उपाय आहे 'पॉवर बियाँड'ची स्लीव्ह. ही पोकळ नळकांडीसारखी छोटी वस्तू व्हॉल्व्हच्या बाहेर पडण्याच्या बाजूला बसते आणि दोन वाटा वेगळ्या करते: एकीतून पुढच्या व्हॉल्व्हला जाणारं तेल, दुसरीतून जॅककडून परत आलेलं तेल. ती त्याच बनावटीच्या व्हॉल्व्हची हवी. दुसऱ्याची आट्याला बसली तरी आत पोकळी बंद करेलच असं नाही.

जोडणी अशी करा. पंपाची नळी लोडरच्या व्हॉल्व्हच्या पी ला. त्याच्या पॉवर बियाँडमधून जबड्याच्या व्हॉल्व्हच्या पी ला. त्याच्याही पॉवर बियाँडमधून ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला. आणि दोन्ही व्हॉल्व्हची टी तोंडं स्वतंत्रपणे टाकीला. टी च्या वाटेत दुसरा व्हॉल्व्ह नको, कॉक नको, क्विक कपलरही (झटपट जोडायचा-काढायचा जोड) शक्यतो नको. स्लीव्ह घातली आणि पुढे काहीच जोडायचं नसेल म्हणून तिचं तोंड प्लगनं बंद केलं, तर तेलाला वाट उरत नाही. इंजिन चालू होताच पंप रिलीफवर कण्हू लागतो. असं झालं तर लगेच इंजिन बंद करा.

या क्रमाचा एक अर्थ लक्षात ठेवा: पहिल्या व्हॉल्व्हला पहिला मान. आर्म उचलत असताना जबडा मंद चालला तर तो बिघाड नव्हे.

प्रश्न : पाचटाचा गठ्ठा धरून ट्रॉलीपर्यंत जाईस्तोवर जबडा आपोआप उघडालाय. दोन्ही जॅकचं सील किट बदललं, काही फरक नाही. लिव्हरला हात लावलेला नसतोय. — वाचक, अथणी

सील किटचा खर्च वाया का गेला ते आधी पाहू. हा गैरसमज सगळीकडे आहे.

समजा मिटताना तुमच्या जॅकचा दांडा बाहेर येतो. गठ्ठ्याचा जोर दांडा आत ढकलतो. पिस्टनची सील फाटली तर तेल बोअरच्या बाजूनं दांड्याच्या बाजूला जाईल. पण दांडा आत आला की त्याला जागा लागते, आणि दोन्ही तोंडं बंद असतील तर तेवढं तेल जॅकबाहेर जाऊच शकत नाही. म्हणून दांडा आत येत नाही, फक्त आतला दाब वाढतो. वरच्या मापाच्या जॅकमध्ये तो जवळजवळ पावणेतीनपट होतो. तेव्हा अशा जोडणीत जबडा उघडतोय याचा अर्थ तेल जॅकच्या बाहेर पडतंय. बाहेर गळती दिसत नसेल तर ते व्हॉल्व्हच्या स्पूलमधून टाकीकडे जातंय. (मिटताना दांडा आत जाणारी बकेट असेल तर भार दांडा बाहेर ओढतो. तिथे मात्र पिस्टनची सील खरोखर दोषी असू शकते.)

सील तपासायची असेल तर बकेट जमिनीला टेकवा, जबडा पूर्ण मिटवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्हीकडे चार-पाच वेळा हलवून दाब सोडा. एका जॅकची दांड्याकडची नळी काढा, नळीच्या तोंडाला दाब सोसणारा लोखंडी प्लग लावा, जॅकच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा. मग कमी वेगावर इंजिन चालू करून मिटण्याच्या दिशेला लिव्हर धरा. डब्यात दोन-चार थेंब पडले तर सील ठीक आहे. धार लागली तर गेली. दुसऱ्या जॅकचं असंच, पण वेगळं करा. दोन्ही एकदम उघडलीत तर कोणता वाईट ते कळणार नाही.

आता व्हॉल्व्ह. स्पूल दोन प्रकारचे मिळतात. सिलिंडर स्पूल मधल्या जागी ए आणि बी, म्हणजे जॅककडे जाणारी दोन्ही तोंडं, बंद ठेवतो. मोटर स्पूल ती दोन्ही टाकीला उघडी ठेवतो. दिसायला दोन्ही सारखेच. चुकून मोटर स्पूल आला असेल तर लिव्हर सोडताच जबडा सैल पडतो. तुमचा जबडा सावकाश उघडत असेल तर स्पूल बहुधा सिलिंडरचाच आहे. थोडी झीज आणि थोडी मूळचीच मोकळीक यामुळे तेल पाझरतंय. नव्या स्पूलमधूनही थोडं तेल पाझरतंच. अर्धा किलोमीटर गठ्ठा धरून ठेवणं हे स्पूलचं काम नव्हे.

ते काम दुहेरी लॉक व्हॉल्व्हचं, म्हणजे पायलटवर (दुसऱ्या नळीतल्या दाबाच्या इशाऱ्यावर) उघडणाऱ्या दोन चेक (तेल एकाच दिशेला सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या जोडीचं. तो जॅकच्या जवळात जवळ, बकेटवरच बसवा, म्हणजे मधली नळी फुटली तरी जबडा सुटत नाही. एका नळीत दाब आला की तो समोरच्या नळीचा चेक उघडतो. पायलटचं प्रमाण साधारण 3:1 किंवा 4:1 असतं, म्हणजे धरलेल्या दाबाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा इशारा चेक उघडायला पुरतो.

लॉक व्हॉल्व्ह बसवलात की वरचं स्पूलचं गणित उलटं होतं. आता मोटर स्पूलच योग्य. लिव्हर सोडताच दोन्ही नळ्यांतला दाब टाकीत जातो आणि चेक पटकन बसतो. सिलिंडर स्पूल असेल तर पायलटच्या नळीत दाब अडकून राहतो, चेक काही क्षण उघडाच राहतो आणि जबडा थोडा घसरून मग थांबतो. परतीची वाट तुंबलेली असेल तर आणखी एक प्रकार दिसतो: मागची लिफ्ट चालवली की पुढे जबडा सुटतो. टी मध्ये साचलेला दाब पायलटपर्यंत पोचून चेक उघडू शकतो. असं दिसलं तर लॉक व्हॉल्व्हला दोष देण्याआधी टी ची नळी तपासा.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही म्हणून ठासून सांगतो. लॉक केलेल्या नळीला व्हॉल्व्हवरच्या मुख्य रिलीफचं संरक्षण मिळत नाही. जबडा लॉक असताना त्याचा ओठ जांभ्याच्या खडकाला किंवा झाडाच्या बुंध्याला बसला, तर धक्क्याचा दाब जॅकमध्येच कोंडतो. दांडा वाकतो किंवा जॅकचं तोंड फाटतं. म्हणून लॉक व्हॉल्व्ह आणि जॅक यांच्या मध्ये पोर्ट रिलीफ हवा. मुख्य रिलीफ 180 बारवर असेल तर हा 210 च्या आसपास लावा. काही लॉक ब्लॉकमध्ये तो आतच असतो. घेताना विचारा.

प्रश्न : लोडरच्या व्हॉल्व्हला तेल ट्रॅक्टरच्या मागच्या कपलरमधून दिलंय. लिव्हर रबरी ट्यूबनं बांधून ठेवतो. दोन तासांत तेल हात लावू देत नाही इतकं तापतं आणि लोडर मंदावतो. — वाचक, निपाणी

तापणं म्हणजे काम न करता वाया गेलेला जोर. मिनिटाला 30 लिटर तेल 180 बारवर रिलीफमधून सांडत राहिलं तर 9 किलोवॅट उष्णता होते. कुठलीही लिव्हर टोकाला दाबून धरण्याची सवय असेल तर तिथूनच सुरुवात करा. जॅक टोकाला गेला की लिव्हर सोडायची.

नंतर लोडरच्या व्हॉल्व्हच्या पी तोंडाशी 250 बारचा गेज लावा. तेल कोमट झाल्यावर, सगळ्या लिव्हर मधोमध ठेवून, कामाच्या आरपीएमवर वाचा. 10-15 बार ठीक. 30-40 बार दिसले तर तेल परत जाताना अडतंय, आणि दिवसभर काही न करताही ते एक ते दोन किलोवॅट उष्णता बनवत राहतं. बहुतेक वेळा दोषी असतं परतीचं क्विक कपलर: लहान मापाचं, किंवा अर्धवट बसलेलं. परतीची नळी कपलरमधून काढून ट्रॅक्टरच्या हाउसिंगवरच्या (तेल भरलेल्या मागच्या ठोकळ्यावरच्या) परतीच्या तोंडाला थेट न्या, 3/4 इंची. काटा 180 वरच अडून बसला असेल तर लोडरचा व्हॉल्व्ह क्लोज्ड सेंटरचा (लिव्हर मधोमध असताना तेल अडवणारा) आहे किंवा त्यात पॉवर बियाँडचं तोंड बंद राहिलंय.

ट्यूबनं बांधलेली लिव्हर आम्हाला सगळ्यात जास्त खटकते. कुणी ती उलट दिशेला ओढून बांधली की पंपाचा पूर्ण दाब लोडरच्या व्हॉल्व्हच्या टी तोंडात घुसतो. चिकोडीच्या वाचकाचं जे आठवड्यात झालं, ते इथे एका क्षणात होतं. लिव्हरला एकाच दिशेला अडकेल असा लोखंडी खटका करून घ्या. परतीची नळी थेट हाउसिंगला नेली असेल तर हा धोका जवळजवळ संपतो.

रिलीफचा स्क्रू गेजशिवाय फिरवू नका. लोडरचा रिलीफ ट्रॅक्टरच्या रिलीफपेक्षा थोडा खाली ठेवायचा.

प्रश्न : बटण दाबलं तरी जबडा हलत नाही, बकेटच पालटते. पावसाळ्यात जास्त. — वाचक, जांबोटी भाग

कॉइलच्या टोकाला छोटी पिन असते. इंजिन चालू ठेवून, बकेट जमिनीवर ठेवून, एकानं ती पिन पेचकसानं दाबून धरावी आणि दुसऱ्यानं लिव्हर हलवावी. पिन दाबणाऱ्यानं बकेटच्या बाजूला उभं राहावं, जबड्यासमोर नाही. जबडा हलला तर दोष विजेचा, नाही हलला तर स्पूल कचऱ्यानं अडकलाय.

विजेचा असेल तर मल्टिमीटर घ्या. 36 वॅटची कॉइल 12 व्होल्टवर 3 अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध 4 ओहमच्या आसपास हवा. मग बटण दाबून कॉइलच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज बघा. 10.5 च्या खाली असेल तर स्पूल पूर्ण सरकत नाही. निम्म्या वेळा कॉइलचं अर्थिंग लोडरच्या सांगाड्यातून घेतलेलं असतं, आणि रंग, गंज, पिनांमधलं ग्रीस यांतून ते नीट मिळत नाही. बॅटरीपासून 1.5 चौ. मिमीच्या दोन वायरी ओढा, साडेसात अँपिअरचा फ्यूज घाला, आणि कॉइलचा सॉकेट रबरी टोपीचा घ्या. तुमच्याकडच्या पावसात साधा सॉकेट टिकत नाही. आणखी एक: आधी बटण, मग लिव्हर. तेल वाहत असताना बटण दाबलं तर स्पूल पूर्ण सरकेलच असं नाही.

प्रश्न : जबडा जोडल्यावर तेल किती वाढवायचं? 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल चालेल? — वाचक, रायबाग

जॅक भरायला 1 लिटर, आणि 3/8 नळीत मीटरला 71 मिली. चार नळ्या तीन-तीन मीटरच्या असतील तर आणखी 0.85 लिटर. म्हणजे सुमारे 2 लिटर. कमी वेगावर जबडा पाच-सहा वेळा पूर्ण उघडमीट करा, हवा निघते. मग सगळे दांडे आत, ट्रॅक्टर सपाट जागी, आणि डिपस्टिक बघा. आर्म वर असताना पातळी पाहून तेल भरलंत तर जास्त होतं: 63 मिमी बोअर, 35 मिमी दांडा आणि 600 मिमी स्ट्रोकचे दोन लिफ्ट जॅक बाहेर आले की हाउसिंगमधलं तेल 1.15 लिटरनं कमी दिसतं.

लोडरला स्वतःची वेगळी टाकी आणि पंप असेल तर 68 चालेल. तेल ट्रॅक्टरच्या हाउसिंगमधलंच असेल आणि ब्रेक तेलात बुडालेले असतील तर पुस्तिकेत दिलेलंच ट्रॅक्टर ऑइल घाला. साध्या 68 मध्ये त्या ब्रेकच्या प्लेटांना लागणारे घटक नसतात. ब्रेक आवाज करतात आणि नीट धरत नाहीत.

प्रश्न : जबड्याच्या नळीतून बारीक फवारा येतोय, पण नेमका कुठून ते दिसत नाही. हातानं चाचपून बघितलं तर चालेल का? — वाचक, हुक्केरी

नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल हातमोज्यातून आणि कातडीतून आत शिरतं. जखम डासाच्या चाव्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतलं मांस काही तासांत सडू लागतं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा लांब तुकडा नळीजवळून फिरवा. जिथे ओला डाग किंवा छिद्र पडेल तिथे गळती. मग इंजिन बंद करा, आर्म जमिनीवर टेकवा, दाब सोडा आणि पूर्ण नळी बदला. क्लिप किंवा पट्टी लावून चालवू नका. तेल कातडीत गेलंच असेल तर ते किती लागलंय याचा अंदाज घेत बसू नका. ताबडतोब शस्त्रक्रिया होणाऱ्या मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय.